घरच्या हातांची वही



आमच्या आत्याला जाऊन आता दीड वर्ष झाले. तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या दिवशी घरची सगळी माणसे एकत्र जमली होती. सकाळी वंदना झाली, चहापाणी झाले आणि स्वयंपाकाची वेळ आली. धाकट्या चुलतभावाने सहज विचारले, "आत्याचे शेंगोळे आज कोण करणार?"

आम्ही चौघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "ती पीठ गरम पाण्यात मळायची." चुलतबहीण म्हणाली, "नाही ग, गार पाण्यात." आत्याची सून गप्पच होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला आत्याबाईंनी कधी करूच दिले नाहीत. म्हणायच्या, तू भाकरी बघ, हे माझं मी बघते."

अखेर दुकानातून हुलग्याचे पीठ आणले आणि ज्याला जसे आठवले तसे केले. शेंगोळे पाण्यात टाकले आणि पाच मिनिटांत विरघळून पातेल्यात पिठले झाले. सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्ले. कोणी नाव ठेवले नाही. फक्त आत्याचा नातू हळूच म्हणाला, "हे आजीचं नाही."

पोर खोटे बोलले नाही. आत्या गेली तेव्हा आम्ही तिचे फोटो जपले, तिचे लुगडे जपले, पण तिच्या हातात जे होते ते जपले नाही.

खरे सांगायचे तर यात चूक आमचीच आहे. आत्या धडधाकट होती तेव्हा एकदा आम्ही कागद-पेन घेऊन तिच्यापुढे बसलो होतो. "आत्या, पीठ किती?" "अंदाजानं." "मीठ?" "हाताला कळतं." "शिजवायचं किती वेळ?" "शिजेस्तोवर!" मग तीही हसली, आम्हीही हसलो. तो कागद आम्ही घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर किराणा मालाची यादी केली.

असे का झाले याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आत्याला सांगता आले नाही हे खरे नव्हे. आम्हांला विचारता आले नाही. आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती. हे लिहून ठेवण्यासारखे आहे असे आम्हांलाच मनातून वाटत नव्हते. लिहायचे ते अर्ज, भाषण, मुलांचा अभ्यास. चुलीवरचे आणि सुई-दोऱ्याचे काय लिहायचे? ते तर रोजचेच आहे! पण रोजचे म्हणता म्हणता एक दिवस ते संपते.

ज्याने त्याने आपल्या घरचे लिहिले

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि ते घराघरांत गेले. नव्याने संसार मांडणाऱ्या किती तरी मुलींनी त्यावरून स्वयंपाक शिकला. त्या बाईंनी आपल्या हातचे वाटी-चमच्याच्या मापात बसवले, म्हणून ते दुसऱ्याच्या घरात पोहोचले. त्यांचे हे काम मोठे आहे. पण वजडी, येसराचे कालवण, हुलग्याचे माडगे, उन्हात वाळवून ठेवलेल्या मटणाच्या पट्ट्या हे आमच्या घरचे पदार्थ अशा पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. याचा राग धरून उपयोग नाही. ज्याने त्याने आपल्या घरचे लिहिले. आपल्या घरचे आपणच लिहायला हवे होते.

ते काम अलीकडे सुरू झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर एक इंग्रजी पुस्तक काढले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते आणि का शिजत होते हे त्यांनी त्यात मांडले. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि आपल्या आयाबायांचे कालवण जगाने वाचले.

आणि लिहिणाऱ्या बायका आपल्यात आधीपासून आहेत. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसले की घरच्यांच्या नजरेआड वहीत लिहीत. ती वही त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवली. पुढे १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने ‘जिणं आमुचं’ बाहेर आले. कोकणातल्या ऊर्मिला पवार यांची आई बांबूची आयदाने, म्हणजे टोपल्या, सुपे, विणून घर चालवी. लेकीने २००३ साली आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नाव दिले ‘आयदान’. दुकानाचा गल्ला आणि आईची टोपली यांतून एवढे उभे राहिले, तर आपली एक साधी वही का उभी राहू नये?

आम्ही काही सर्वांना ग्रंथ लिहायला सांगत नाही. एक दोनशे पानी वही घ्या, एवढेच म्हणतो. ती कशी भरावी याचे चार अनुभवाचे बोल आज सांगतो.

अंदाज कसा मोजावा

पहिली गोष्ट, आई-आजीला "किती?" असे विचारू नका. ती "अंदाजानं" म्हणणारच, आणि ती खोटे बोलत नाही. तिचे माप तिच्या मुठीत आहे. ते मुठीतून काढण्याची एक सोपी युक्ती आहे.

तिने स्वयंपाकाला सुरुवात करण्याआधी एका वाटीत सपाट चार चमचे मीठ मोजून ठेवा. मिठाचा डबा बाजूला करा आणि तिला त्या वाटीतूनच घेऊ द्या. पदार्थ झाल्यावर वाटीत उरलेले मीठ मोजा. अडीच चमचे उरले तर दीड चमचा पडले. पीठ, तिखट, तेल, पाणी, सगळ्यांचे असेच करा. तिला काही मोजायला सांगायचे नाही, तिचा हात अडवायचा नाही. मोजायचे ते आपण, आधी आणि नंतर.

वाटी एकच ठरवा. घरात चार आकाराच्या वाट्या असतात, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, "आमची वाटी म्हणजे १५० मिलिलिटर पाणी मावणारी." औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाने हे घरी मोजता येते.

गावाकडची म्हातारी माणसे चिपटे, मापटे अशी मापे सांगतील. हसू नका, तीही लिहून घ्या. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, असा तो हिशोब. मात्र ही मापे भरून घ्यायची असतात, तोलून नव्हे. चिपटेभर बाजरीचे आणि चिपटेभर पिठाचे वजन सारखे येत नाही. म्हणून जमेल तेव्हा तो जिन्नस दुकानातल्या काट्यावर घालून ग्रॅममध्येही लिहा.

वेळ विचारू नका, घड्याळ पाहा. झाकण ठेवले तेव्हा किती वाजले आणि काढले तेव्हा किती वाजले हे लिहा. आणि ती "हाताला कळतं" म्हणाली की लगेच विचारा, "काय कळतं?" तेव्हा खरे बोल बाहेर येतात. "पीठ बोटाला चिकटायचं थांबतं", "फोडणीचा आवाज बसतो", "कडेनं तेल सुटतं", "कच्चा वास जातो". हे शब्द तिच्याच भाषेत लिहा. त्यांना पुस्तकी करू नका.

एकदा मोजून थांबू नका. तेच तीन वेळा मोजा. जुने पीठ, नवे पीठ, पावसाळ्याची हवा यांनी पाण्याचे माप बदलते. तीन वेळांत जे थोडेफार सारखे येईल ते पक्के.

शेंगोळे, अखेर सापडले ते

त्या फजितीनंतर आम्ही स्वस्थ बसलो नाही. आत्याची धाकटी जाऊ गावी असते. दिवाळीच्या सुटीत वही घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो आणि तीन दिवस तिच्या चुलीजवळ बसलो. चार माणसांसाठी जे माप निघाले ते असे:

हुलग्याचे पीठ २ वाट्या, ज्वारीचे पीठ अर्धी वाटी, लसूण १५ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ५, जिरे १ चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ सपाट दीड चमचा, तेल ३ मोठे चमचे, कोथिंबीर मूठभर आणि कालवणासाठी पाणी ६ वाट्या.

लसूण, मिरच्या, जिरे एकत्र वाटावे. निम्मे वाटण, अर्धे मीठ, हळद आणि एक चमचा तेल पिठात घालावे. गार पाणी थोडेथोडे घालत पीठ घट्ट मळावे. त्याला वाटीभर पाणी पुरते, कधी त्याहून थोडे कमीच लागते. भाकरीच्या पिठाहून ते घट्ट हवे. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीएवढ्या जाड वळ्या कराव्या आणि त्यांची टोके जोडून कडी करावी. लिंबाएवढे पीठ बाजूला ठेवावे.

पातेल्यात उरलेले तेल तापवून राहिलेले वाटण परतावे, पाणी आणि उरलेले मीठ घालावे. पाणी खळखळा उकळल्यावरच एकेक शेंगोळा सोडावा. पाच मिनिटे पळी घालायची नाही. नंतर हलकेच हलवून, अर्धे झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावे. बाजूला ठेवलेले पीठ अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घालावे, म्हणजे रस दाट होतो. आणखी पाच मिनिटांनी एक शेंगोळा मोडून पाहावा. आत कोरडे पीठ दिसले नाही की झाले. वरून कोथिंबीर घालावी.

आमचे का विरघळले तेही कळले. पीठ सैल होते, पाणी पुरते उकळले नव्हते आणि घाईने पळी फिरवली होती.

पण एक गोष्ट तरीही राहत होती. चव जवळपास आली, तरी तो खमंग वास येईना. तिसऱ्या दिवशी आत्याची जाऊ सहज बोलून गेली, "तुझी आत्या हुलगं भाजून मग दळाय न्यायची. आमी तसंच दळतो." एवढीच ती गोष्ट! ती चुलीपाशी घडतच नव्हती. ती आदल्या दिवशी, गिरणीला जाण्याआधी घडत होती, म्हणून आमच्यापैकी कोणी ती कधी पाहिली नाही. तेव्हा वहीत लिहिताना चुलीपासून सुरुवात करू नका. जिन्नस आणला कोठून, निवडला कसा, वाळवला किती, भाजला का, येथून सुरुवात करा. अर्धी चव तेथेच असते.

जे सांगायला लाज वाटते तेही लिहा

आमच्या चाळीत रविवारी वजडी शिजायची तेव्हा आई खिडकी लावून घ्यायची. वास बाहेर जाऊ नये म्हणून. शाळेत कोणी "काल काय जेवलीस?" विचारले की आम्ही "मटण" म्हणत होतो. आज वाटते, त्या खिडकीबरोबर आईचे एक मोठे कसबही आम्ही झाकून टाकले. वजडी साफ करणे हे येरागबाळ्याचे काम नाही. वाहत्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवायची, कडकडीत पाण्यात थोडा वेळ बुडवून वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडून काढायचा, मग मीठ-हळद चोळून पुन्हा धुवायची. एक उकळी आणून ते पाणी फेकून द्यायचे. त्यानंतर बारीक कापून कुकरमध्ये मऊ शिजवायची आणि भाजलेला कांदा, खोबरे, आले, लसूण यांच्या वाटणात परतायची. ज्यांनी टाकाऊ म्हणून हिणवले त्यांना हे कष्ट ठाऊक नाहीत. ते लिहिले तर पुढच्या पोरीला खिडकी लावावी लागणार नाही.

भुकेच्या काळातलेही लिहा. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेल्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत. त्या काळची सुकडी, रेशनवरची लाल मिलो, तिची न जुळणारी भाकरी, रानातून आणलेली तांदुळजा, घोळ, पाथरी, हे त्यांच्याकडून आजच ऐकून घ्या. रानभाजीचे नाव गावागणिक बदलते, म्हणून पाने कशी, कधी उगवते, कोठे उगवते हे लिहा. आणि ओळख नसलेला पाला केवळ वाचून खाऊ नका. जाणत्या माणसाला दाखवूनच घ्या.

यात गरिबीचे कौतुक करायचे नाही. पाणी वाढवून पाच माणसांचे कालवण नऊ माणसांना पुरवणे ही हौस नव्हती. पण त्या बाईने ते पुरवले. तिने काय केले हे तिच्या नातवंडांना कळले पाहिजे.

सुई-दोऱ्याची नोंद

स्वयंपाकाचे लिहाल तसेच हातकामाचेही लिहा. आमच्याकडे आईने शिवलेली एक गोधडी आहे. काही भागांत हिलाच वाकळ म्हणतात. परवा ती धुताना मुलीने विचारले, "हे निळं ठिगळ कशाचं?" आम्हांला सांगता आले नाही. वडिलांच्या कामावरच्या कपड्याचे असावे असे नुसते वाटते. वडील नाहीत आणि आईला आता आठवत नाही.

म्हणून नवी गोधडी शिवाल तेव्हा कागदावर तिचा नकाशा काढा. मध्ये कोणाची साडी, कडेला कोणाचे धोतर, कोपऱ्यात कोणाचे झबले, शिवायला कधी घेतली, कधी संपली.

कृतीही लिहून ठेवा. नऊवारी लुगडे चौपदरी घातले की सुमारे साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद होते. एका माणसाला ते बरोबर पुरते. सहावारी साडी असेल तर तीनपदरी घालावी, लांबी सहा फूट येते. कापड सुती घ्या. नायलॉन घाम टिपत नाही आणि टाक्यात गोळा होते. नव्या कापडाचे ठिगळ आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाही तर पहिल्या धुण्यात ते आटून गोधडीला चुण्या पडतात. रंग जातो का हे पांढरे फडके ओले करून घासून पाहा.

पदर जमिनीवर ताणून पसरा, सुरकुत्या मधून कडेकडे सारा आणि चारी बाजूंनी कच्चे टाके घाला. मग पक्का धावदोरा कडेने सुरू करून, चौकोनात फिरत मध्यापर्यंत आणा. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवा. दोरा सुती आणि दुहेरी, सुई लांब आणि बोटाला अंगुस्तान. दोरा फार ओढू नका, कापड आखडते. गाठ पदरांच्या आत लपवा, म्हणजे ती अंगाला टोचत नाही आणि धुण्यात सुटत नाही. रोज तासभर बसलात तर ती केव्हा संपते ते लिहून ठेवा. कोणी विकत मागितली तर याच नोंदीवरून मजुरी सांगता येईल. आपल्या बायका कापडाचा आणि दोऱ्याचा हिशोब करतात, पण स्वतःच्या तासांचा करत नाहीत. तेथेच त्या फसतात.

लिहावे कसे

"आम्हांला लिहिता येत नाही" असे पुष्कळ भगिनी म्हणतात. त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

बोलता तसे लिहा. शुद्धलेखनाची धास्ती बाळगू नका. ही परीक्षा नव्हे.

एका वेळी एकच गोष्ट लिहा. "आईचा सगळा स्वयंपाक" असे ठरवाल तर पहिले पानही भरणार नाही. "आईची लसणाची चटणी" असे ठरवा, ती एका पानात होते.

तारीख, गाव आणि हात कोणाचा हे वर लिहा. "आजीचे" एवढे पुरत नाही. आजी कोणती, नाव काय, माहेर कोठले? आपल्या किती तरी आज्यांची नावे रेशनकार्डाखेरीज कोठेच नाहीत. निदान तिच्या चटणीवर तरी तिचे नाव राहू द्या.

बिघडले तेही लिहा. जळाले कशाने, फाटले कोठे, खारट का झाले. आमच्या वहीत सर्वांत जास्त उपयोगी पडलेले पान फजितीचे आहे.

ऐकलेले आणि स्वतः करून पाहिलेले वेगळे ठेवा. करून पाहिलेल्यापुढे खूण करा. खूण नसेल तर पुढच्याने जपून करावे.

आई-आजीला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि शाळेतल्या पोराने लिहावे. पोराचे मराठी सुधारते आणि आजीला कोणी तरी ऐकणारे मिळते. पण सांगणाऱ्याच्या मनाविरुद्ध काही काढून घेऊ नका. काही आठवणी तिला कागदावर नको असतील. तेथे पेन खाली ठेवावे.

हे काम फक्त बाईच्या डोक्यावर टाकू नका, असे बंधूंनाही सांगणे आहे. ती सकाळी पाचला उठते, कामावर जाते, परत येऊन चूल पेटवते, आणि वर वहीही तिनेच लिहायची काय? आठवड्यातून एक संध्याकाळ भांडी तुम्ही घासा आणि तिला अर्धा तास टेकू द्या. पुष्कळ घरांत रविवारचे मटण पुरुषाच्या हातचे असते. त्यांनी आपलेही पान लिहावे.

आता घरोघरी मोबाईल आहेत. त्यावर आजीचा आवाज जरूर भरून ठेवा, हात चालताना चित्रीकरण करा. वळी वळताना बोटे कशी फिरतात हे शब्दांत नीट येत नाही, ते चित्रात येते. पण फोन पडतो, हरवतो, बदलला जातो आणि त्याच्याबरोबर आतले सगळे जाते. म्हणून ऐकलेले वहीत उतरवा आणि वहीच्या पानांचे फोटो दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. वही स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवू नका, तेल-पाण्याने ती वर्षभरही टिकत नाही. ओट्यावर कच्चा कागद असावा, वही कपाटात असावी.

आमच्या वहीत आजवर एकतीस पाने भरली आहेत. पहिले पान आत्याच्या शेंगोळ्यांचे. पुढची दोन पाने आम्ही कोरी ठेवली आहेत. तिच्या हातचे माडगे आणि अंबाडीची भाजी आम्हांला अजून सापडलेली नाही. कदाचित सापडणारही नाही. नातवाने यंदा शेंगोळे खाल्ले आणि म्हणाला, "आता थोडं आजीसारखं झालंय." ‘थोडं’ म्हणाला. तेवढ्यावर आम्ही समाधानी आहोत, पण ती दोन कोरी पाने पाहिली की तो किराणा मालाच्या यादीचा कागद आठवतो.

तुमच्या घरची आई, आजी, आत्या, मावशी अजून चुलीपाशी असेल, तर येत्या रविवारी एवढेच करा. मिठाची वाटी मोजून तिच्यापुढे ठेवा आणि तिचा एक पदार्थ लिहून घ्या. ती "कशाला ग?" म्हणेल, हसेल. तुम्हीही हसा. पण कागद घडी करून ठेवू नका.

पुढच्या आठवड्यात वाळवणाच्या दिवसांविषयी बोलू.